लंबकाच्या प्रयोगाचे विश्लेषण आणि मूल्यमापन कसे लिहावे?

अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण (जी) काढण्याचा प्रयोग त्याने केला. धाग्याची लांबी, टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या हुकाला मारलेल्या गाठीपर्यंत, ४०, ६०, ८० आणि १०० सेंमी ठेवली असता २० दोलनांना अनुक्रमे २५.९, ३१.५, ३६.३ आणि ४०.५ सेकंद लागले. प्रत्येक वेळ ही तीन वाचनांची सरासरी असून त्या तीन वाचनांत आपसांत एक ते दोन दशांश सेकंदांचा फरक होता. प्रत्येक ओळीवरून जीचे मूल्य काढून त्याने सरासरी घेतली, ती ९.५४ मी/से² आली. पुस्तकातील ९.८ शी तुलना करून २.७ टक्के त्रुटी नोंदवली आणि मूल्यमापनात लिहिले: ‘मानवी चुका, हवेचा रोध आणि उपकरणांतील दोष यांमुळे उत्तरात फरक पडला. अधिक अचूक उपकरणे वापरल्यास उत्तर सुधारेल.’ या भागाला जवळजवळ गुणच मिळाले नाहीत, तेव्हा नेमके काय लिहायला हवे होते, असे तो विचारतो.

प्रथम हे सांगतो की प्रयोग चांगला झाला आहे. वाचने नीट घेतलेली आहेत, लांब्या समान अंतराने वाढवल्या आहेत, वेळ एका दोलनाचा न घेता वीस दोलनांचा घेतला आहे. गुण गेले ते शेवटच्या अर्ध्या पानावर, कारण तिथे लिहिलेली दोन वाक्ये कोणत्याही प्रयोगाखाली जशीच्या तशी लिहिता येतील. परीक्षक मूल्यमापनात जे शोधतो ते या प्रयोगाविषयी, या वाचनांविषयी असावे लागते. त्रुटीचे नुसते नाव पुरेसे नसते. ती उत्तर वर नेते की खाली, साधारण किती नेते, आणि तिची खूण तुमच्या वाचनांत कुठे दिसते, या तिन्ही गोष्टी सांगितल्या तरच ते मूल्यमापन होते. राज्य मंडळाची प्रयोगवही असो, केंब्रिजच्या ए लेव्हलचा ‘नियोजन, विश्लेषण आणि मूल्यमापन’ याच नावाचा पाचवा पेपर असो, किंवा आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अंतर्गत प्रकल्प असो, जिथे एकूण २४ गुणांपैकी प्रत्येकी ६ गुण विदा-विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन या तीन निकषांना स्वतंत्रपणे दिलेले आहेत, मागणी मुळात हीच असते.

आता वाचनांकडे वळू. तुम्ही सरासरी काढण्याआधीचा स्तंभ पुन्हा पाहा. ४० सेंमीला ९.४२, ६० ला ९.५५, ८० ला ९.५९, १०० ला ९.६३. लांबी वाढते तसे जीचे मूल्यही सतत वाढत गेले आहे. हा फरक केवळ योगायोगाचा असता तर मूल्ये कधी वर, कधी खाली अशी विखुरली असती, एकाच दिशेने चढत गेली नसती. गुरुत्व त्वरण धाग्याच्या लांबीवर अवलंबून नसते, म्हणून हा चढ निसर्गाचा नव्हे, मोजणीचा आहे. सरासरी घेताच तो दिसेनासा झाला. सरासरी घेण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा मूल्यांमधले फरक यादृच्छिक आहेत असे मानायला आधार असतो. इथे तो आधार नव्हता, आणि ‘स्तंभात वाढीचा कल दिसतो, म्हणून सरासरी योग्य नाही’ एवढे एक वाक्य लिहिले असते तरी परीक्षकाचे मत बदलले असते.

यासाठीच आलेख काढायचा असतो. पुष्कळ वह्यांत तो शेवटी शोभेसाठी चिकटवलेला दिसतो आणि उत्तर मात्र कोष्टकातून येते, याचे मला फार वाईट वाटते, कारण या प्रयोगाचे खरे विश्लेषण आलेखातच आहे. दोलनकालाचा वर्ग हा लांबीच्या सम प्रमाणात असतो आणि त्या रेषेचा चढ म्हणजे ३९.४८ (चार गुणिले पायचा वर्ग) भागिले जी. तुमच्या वाचनांवरून दोलनकाल १.२९५, १.५७५, १.८१५ आणि २.०२५ सेकंद येतात, त्यांचे वर्ग अनुक्रमे १.६८, २.४८, ३.२९ आणि ४.१०. लांबी मीटरमध्ये आडव्या अक्षावर आणि हे वर्ग उभ्या अक्षावर घेतले की चारही बिंदू एका सरळ रेषेवर फार सुरेख बसतात. रेषेचा चढ ४.०४ से²/मी येतो आणि त्यावरून जीचे मूल्य ९.७७ मी/से² मिळते. वाचने तीच आहेत, एकही आकडा बदललेला नाही. तरीही ९.५४ च्या जागी ९.७७ आले.

असे का झाले, हे रेषेचा दुसरा गुणधर्म सांगतो. ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. लांबी शून्य असताना ती उभ्या अक्षाला सुमारे ०.०६ से² वर छेदते, आणि डावीकडे आणखी वाढवली तर आडव्या अक्षाला उणे १.४५ सेंमीच्या आसपास मिळते. याचा अर्थ असा की तुम्ही मोजलेली प्रत्येक लांबी खऱ्या लांबीपेक्षा सुमारे दीड सेंटिमीटरने कमी आहे. लंबकाची लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची असते. तुम्ही ती गाठीपर्यंत धरली आहे. गोळ्याचा व्यास तुम्ही व्हर्निअर कॅलिपरने २.०० सेंमी नोंदवला आहे, म्हणजे त्रिज्या १.०० सेंमी, आणि हुकाची उंची अर्धा सेंटिमीटर धरली तर बेरीज १.५ सेंमी होते. आलेखाने जे अंतर हरवले असल्याचे सांगितले, ते कॅलिपरने मोजलेल्या अंतराशी जुळते. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच गोष्ट सिद्ध होणे हा मूल्यमापनातला सर्वांत भक्कम पुरावा असतो.

स्तंभातील कलाचाही उलगडा इथेच होतो. दीड सेंटिमीटर हा ४० सेंमीचा जवळजवळ चार टक्के भाग आहे, तर १०० सेंमीचा केवळ दीड टक्का. म्हणून आखूड लंबकाचे उत्तर अधिक खाली गेले आणि लांब लंबकाचे कमी. चढ मात्र लांबीतील फरकावर ठरतो, आणि प्रत्येक लांबीत सारखीच चूक असेल तर फरक अबाधित राहतो. ही पद्धतशीर त्रुटी तुमच्या सरासरीत पूर्णपणे शिरली, चढात मात्र शिरलीच नाही.

इथे एक सावधगिरी. सिद्धांताप्रमाणे रेषा आरंभबिंदूतून जायला हवी म्हणून पट्टी शून्यावर टेकवून रेषा ओढण्याची सवय फार पसरलेली आहे. तसे केल्यास त्रुटीचा पुरावा आपणच पुसतो आणि चढही बिघडवतो. रेषा बिंदू सांगतील तिथून जाऊ द्यावी. चढ काढताना त्रिकोण शक्य तितका मोठा घ्यावा आणि त्याचे कोपरे रेषेवरचे असावेत, कोष्टकातील बिंदू नसावेत. सेकंद-लंबकाची (ज्याचा दोलनकाल दोन सेकंद असतो) लांबी त्याच आलेखावरून विचारली जाते, तेव्हाही हे लक्षात ठेवा: दोलनकालाचा वर्ग ४ असताना तुमचा आलेख ९७.५ सेंमी दाखवेल, त्यात हरवलेले १.४५ सेंमी मिळवले की सुमारे ९९ सेंमी हे योग्य उत्तर येते.

आता अनिश्चितता. तुमच्या स्टॉपवॉचचे लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सर्वांत लहान वेळ, ०.०१ सेकंद आहे, पण वेळेची अनिश्चितता ०.०१ सेकंद नाही. बोट दाबायला साधारण ०.२ सेकंद उशीर होतो. सुरुवातीला आणि शेवटी तो बराचसा सारखाच असल्यामुळे एकमेकांना खोडतो, तरी सुमारे ०.१ सेकंदाची चंचलता उरते. हे मी तर्काने सांगत नाही, तुमची तीन-तीन वाचने एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर आहेत. वहीत लिहायचे ते हेच: अनिश्चितता उपकरणाच्या लघुतम मापावरून नव्हे, पुनरावृत्त वाचनांच्या विखुरण्यावरून घेतली. वीस दोलनांमुळे एका दोलनकालातील अनिश्चितता ०.००५ सेकंद होते. वर्ग करताना टक्केवारी दुप्पट होते, म्हणून ४० सेंमीच्या बिंदूवर वर्गातील अनिश्चितता सुमारे ०.०१३ आणि १०० सेंमीच्या बिंदूवर ०.०२ से² येते. त्या मर्यादेत बसणारी सर्वांत तीव्र आणि सर्वांत मंद चढाची रेषा ओढली तर चढ ३.९९ ते ४.१० यांच्या दरम्यान राहतो, आणि जी ९.६४ ते ९.९० यांच्या दरम्यान. म्हणून निष्कर्ष ९.७७ ± ०.१३ मी/से² असा लिहावा, ९.८ ± ०.१ असे लिहिले तरी ते प्रामाणिक आहे. कॅल्क्युलेटरवरचे पाच-सहा दशांश उतरवणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणे होय, आणि सार्थ अंकांचा गुण तिथे जातो.

तुलना कशाशी करायची, याचाही विचार फारसा होत नाही. ९.८१ हे मूल्य युरोपातील अक्षांशांना शोभणारे आहे. विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्व त्वरण कमी होते आणि उंचीनेही थोडे घटते. मुंबईत ते सुमारे ९.७९ आणि पुण्यात सुमारे ९.७८ मी/से² आहे. हा शोधही लंबकानेच लावला. १६७२ मध्ये झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि सेकंदाचा ठोका साधण्यासाठी त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. त्याने हा फरक मानवी चूक म्हणून सोडून दिला नाही, पुन्हा पुन्हा मोजून पाहिला. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या न्यूटनच्या मांडणीला पुढे याच निरीक्षणाचा आधार मिळाला. तुमच्या वहीतही ‘प्रमाण मूल्य ९.८’ ऐवजी आपल्या गावाजवळचे मूल्य आणि ते का घेतले याचे कारण लिहा.

मग टक्केवारीच्या त्रुटीचे स्थान काय? ती लिहावी, पण ती निकाल नव्हे. खरा प्रश्न असा की प्रमाण मूल्य तुमच्या अनिश्चिततेच्या पट्ट्यात येते का. ९.७९ हे ९.६४ ते ९.९० मध्ये येते, म्हणून चढावरून काढलेले उत्तर प्रमाण मूल्याशी सुसंगत आहे. उलट कोष्टकातील पहिल्या ओळीचे ९.४२ घ्या. वेळेची अनिश्चितता आणि लांबीतील दोन मिलिमीटर धरूनही त्याचा पट्टा ± ०.१२ च्या आसपास राहतो, शेवटच्या ओळीचा ± ०.०७. ९.७९ यांपैकी एकाही पट्ट्यात येत नाही. म्हणजे केवळ यादृच्छिक त्रुटीने हा फरक समजावता येत नाही, पद्धतशीर त्रुटी असलीच पाहिजे. हा तर्क वहीत दोन वाक्यांत मांडता येतो.

‘हवेचा रोध’ मात्र काढून टाका. पितळी गोळ्यावर हवेच्या उत्प्लावक बलाचा परिणाम सुमारे ०.०१४ टक्के आहे, आणि हवेच्या घर्षणाने आयाम (झोक्याचा विस्तार) हळूहळू घटतो, दोलनकालात मात्र इतका सूक्ष्म फरक पडतो की तुमच्या स्टॉपवॉचने तो दिसणार नाही. जे कारण तुमच्या फरकाच्या शंभराव्या भागाएवढेही नाही, ते लिहिल्याने परीक्षकाला एवढेच कळते की आकाराचा अंदाज केलेला नाही.

आयामाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. लंबक १० अंशांच्या कोनातून सोडला तर दोलनकाल ०.२ टक्के वाढतो, २० अंशांना ०.८ टक्के, ३० अंशांना १.७ टक्के, जीमध्ये घट याच्या दुप्पट. वर्गात बहुतेक विद्यार्थी कोन मोजत नाहीत, गोळा साधारण १० सेंमी बाजूला ओढून सोडतात. १०० सेंमीच्या लंबकाला ते जेमतेम ६ अंश होतात, पण ४० सेंमीच्या लंबकाला १४ अंशांहून अधिक. त्यामुळे आखूड लंबकाचा दोलनकाल ०.४ टक्के फुगतो. तुमच्या वाचनांत हा परिणाम असू शकेल, पण गाठीच्या चुकीपुढे तो लहान आहे, आणि तसे तुलनेने सांगणे हेच मूल्यमापन आहे.

एक चूक अशी आहे की जी आलेखातही लपून राहते, आणि तिच्याविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण ‘रेषा आरंभबिंदूतून गेली म्हणजे प्रयोग निर्दोष’ असा समज त्यामुळे दृढ होतो. लंबक टोकाशी असताना ‘एक’ म्हणत घड्याळ सुरू केले आणि ‘वीस’ म्हणत बंद केले तर प्रत्यक्षात एकोणीसच दोलने मोजली जातात. मोजणी शून्यापासून व्हायला हवी. या चुकीने प्रत्येक दोलनकाल पाच टक्क्यांनी कमी येतो आणि जी सुमारे १०.८५ होते. सर्व वाचने एकाच प्रमाणात घटत असल्यामुळे रेषा सरळ राहते, आरंभबिंदूतूनही जाते, बदलतो फक्त चढ. आलेख इथे काही सांगणार नाही. यावर उपाय म्हणजे एका लांबीला १० दोलनांचा आणि २० दोलनांचा वेळ वेगवेगळा घेणे. मोजणी बरोबर असेल तर दुसरा वेळ पहिल्याच्या बरोबर दुप्पट येतो. एकची चूक असेल तर तो १९ भागिले ९, म्हणजे २.११ पट येतो. कोणाच्या वहीत १०.८ च्या आसपास उत्तर दिसले की मी आधी हीच शंका घेतो.

सुधारणा सुचवताना ‘अधिक अचूक उपकरणे’ हा शब्दप्रयोग टाळा. कोणती अनिश्चितता सर्वांत मोठी आहे हे तुम्ही आताच काढले आहे, सुधारणा तिच्यावर हवी. लांबीची चूक दुरुस्त झाल्यावर आखूड लंबकांच्या वेळेतील अनिश्चितता ठळक उरते, म्हणून ४० सेंमीला २० ऐवजी ४० दोलने मोजावीत. खूण टोकाशी न ठेवता मध्यस्थितीच्या मागे ठेवावी, कारण तिथे गोळ्याचा वेग सर्वाधिक असतो आणि तो खुणेसमोरून गेल्याचा क्षण नेमका पकडता येतो, तर टोकाशी तो क्षणभर रेंगाळतो. धागा चिरलेल्या बुचात घट्ट पकडावा, म्हणजे टांगणीचा बिंदू निश्चित राहतो, आणि लांबी गोळा टांगलेला असतानाच मोजावी. चार बिंदूंवरून रेषा सरळ आहे असे ठामपणे म्हणणे धाडसाचे आहे, सात-आठ लांब्या घ्याव्यात आणि जमल्यास १५० सेंमीपर्यंत जावे, त्यामुळे चढाची अनिश्चितता वेळ तेवढाच अचूक ठेवूनही घटते.

प्रकाश-दरवाजा (गोळ्याने प्रकाशकिरण अडवताच वेळ आपोआप नोंदवणारे उपकरण) वापरावा असे कोणी लिहिले तर तेही चालेल, मात्र पुढचे वाक्य हवे: वेळेची अनिश्चितता नगण्य झाल्यावर लांबीतील दोन मिलिमीटर हा सर्वांत कमकुवत दुवा ठरेल, म्हणून लांबीची मोजणी न सुधारता एवढा खर्च वाया जाईल. मोबाइलवरचे सेकंदाला ३० चित्रांचे चित्रीकरण वेळ सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत सांगू शकते आणि ते जवळजवळ सर्वांना उपलब्ध आहे.

तुमच्या वहीसाठी मूल्यमापन साधारण असे होईल: ‘प्रत्येक ओळीवरून काढलेली मूल्ये लांबीबरोबर ९.४२ पासून ९.६३ पर्यंत वाढतात, त्यामुळे पद्धतशीर त्रुटी सूचित होते. आलेखाची रेषा लांबीच्या अक्षाला उणे १.४५ सेंमीवर छेदते; हे अंतर हूक आणि गोळ्याची त्रिज्या यांच्या १.५ सेंमी या बेरजेशी जुळते, म्हणून लांबी गाठीपर्यंत मोजणे हे त्रुटीचे प्रमुख कारण आहे. चढावर या त्रुटीचा परिणाम होत नाही. चढावरून मिळालेले ९.७७ ± ०.१३ मी/से² हे मूल्य स्थानिक ९.७९ शी सुसंगत आहे. उरलेल्या अनिश्चिततेत वेळेचा वाटा सर्वांत मोठा असून तो आखूड लांब्यांवर अधिक दोलने मोजून कमी करता येईल. कोन मोजलेला नसल्यामुळे आयामाचा परिणाम निश्चित सांगता येत नाही, तो अर्ध्या टक्क्याच्या आत असावा.’ यात एकही वाक्य असे नाही की जे दुसऱ्याच्या वहीत बसेल.

शेवटी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. उत्तर ९.८ आले नाही म्हणून वाचने मागून जुळवण्याची प्रथा अनेक प्रयोगशाळांत आहे, आणि काही ठिकाणी उत्तराच्या जवळिकीलाच गुण देऊन आपण शिक्षकांनीच ती पोसली आहे. जुळवलेली वाचने ओळखू येतात: त्यांत विखुरणे नसते, तीन पुनरावृत्त वेळा शतांशापर्यंत सारख्या असतात. तुमची वाचने खरी आहेत, म्हणून त्यांत हरवलेले दीड सेंटिमीटर सापडले. पुन्हा वही सादर करताना कोष्टक तसेच ठेवा, मूळ ९.५४ खोडू नका. त्याखाली आलेख, चढाची आकडेमोड आणि नवे मूल्यमापन जोडा. तोंडी परीक्षेत ‘दोन उत्तरे का?’ असे विचारले जाईलच. तेव्हा रेषा डावीकडे वाढवून ती आडव्या अक्षाला कुठे मिळते ते दाखवा आणि कॅलिपरचे वाचन समोर ठेवा.